सॅन फ्रान्सिस्कोवर जंतू खरंच फवारले होते का, आणि त्यात माणसं मेली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९५० साली अमेरिकेच्या नौदलाने स्वतःच्याच सॅन फ्रान्सिस्को शहरावर कुणालाही न सांगता जंतू फवारले, असं तुमच्या वाचनात आलं. एके ठिकाणी म्हटलंय की ते जंतू निरुपद्रवी होते, दुसरीकडे म्हटलंय की त्यात माणसं दगावली. यातलं खरं कोणतं? भारतातही असं काही झालं होतं का? आणि आपल्याकडे एखादी साथ आली की 'हे मुद्दाम सोडलंय' असे जे मेसेज फिरतात, ते पारखायचे कसे?

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टर आहे. नोकरीची बहुतेक वर्षं रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत गेली. सॅन फ्रान्सिस्कोवर जे दोन जंतू सोडले त्यातला एक, सेराशिया मार्सेसेन्स, आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. त्यामुळे उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने देते. लष्करी इतिहास माझ्यापेक्षा चांगला सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. हो, फवारले. ही ऐकीव गोष्ट नाही. १९७६ च्या अखेरीस अमेरिकन वर्तमानपत्रांत बातमी आली, १९७७ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि लष्कराने आपल्याच अहवालात कबूल केलं की १९४९ ते १९६९ या काळात उघड्या हवेत अशा २३९ चाचण्या केल्या. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. त्या फवारणीने माणसं मेली असं सिद्ध झालेलं नाही, आणि कुणाला काहीच झालं नाही असंही सिद्ध झालेलं नाही. आता ते सिद्ध होण्याची शक्यताही जवळजवळ उरलेली नाही. याचं कारण चाचणी ज्या पद्धतीने झाली त्यातच आहे. चाचणी गुप्त ठेवायची म्हणजे शहरातल्या डॉक्टरांनाही सांगायचं नाही. डॉक्टरांना माहीत नाही म्हणजे कुणी पेशंटवर लक्ष ठेवणार नाही, नमुने राखणार नाही, मोजणी करणार नाही. गुप्ततेमुळे लोकांची संमती घेतली गेली नाही हे सगळेच सांगतात. गुप्ततेने पुरावाच जन्माला येऊ दिला नाही, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

आधी घडलं काय ते पाहू. सप्टेंबर १९५० मध्ये आठवडाभर नौदलाच्या जहाजाने किनाऱ्यापासून काही अंतरावर राहून शहराच्या दिशेने फवारे सोडले. त्यात सेराशिया मार्सेसेन्स आणि बॅसिलस ग्लोबिगी असे दोन जिवाणू होते, शिवाय झिंक कॅडमियम सल्फाइडचे चमकणारे कण. सॅन फ्रान्सिस्को का निवडलं? समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा, धुकं, टेकड्या, दाट वस्ती आणि उंच इमारती. शत्रूचं जहाज बंदराबाहेर येऊन ढग सोडून निघून गेलं तर तो ढग शहरात किती आत शिरेल, हे त्यांना मोजायचं होतं. शहरात आणि आजूबाजूला नमुने गोळा करायची ठिकाणं मांडली होती. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की शहरातल्या सुमारे ८ लाख लोकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने ते चमकणारे कण ५,००० किंवा त्याहून जास्त संख्येने श्वासावाटे आत घेतले. चाचणी त्यांच्या दृष्टीने यशस्वी झाली.

हेच जंतू का, हेही समजून घ्या, कारण 'निरुपद्रवी' या दाव्याचं मूळ तिथे आहे. अशा चाचणीत खरा रोगजंतू न वापरता त्याच्यासारखा हवेत वागणारा दुसरा जंतू वापरतात. बॅसिलस ग्लोबिगी बीजाणू, म्हणजे जंतूचं जाड कवचातलं सुप्त रूप, तयार करतो. हे बीजाणू उन्हात, कोरड्या हवेत टिकतात. अँथ्रॅक्स या गुरांना आणि माणसांना होणाऱ्या जीवघेण्या रोगाचा जंतूही तसाच असल्याने ग्लोबिगी त्याच्या जागी वापरला गेला. सेराशिया बीजाणू करत नाही, म्हणून तो नाजूक जंतूंच्या जागी. शिवाय त्याचा एक सोयीचा गुण म्हणजे त्याच्या कॉलन्या, म्हणजे प्लेटवर वाढलेले जंतूंचे ठिपके, लालभडक येतात. हवेतून गोळा केलेल्या नमुन्याच्या प्लेटवर शेकडो जंतू उगवतात, त्यात आपण सोडलेला कोणता हे लाल ठिपक्यावरून लगेच ओळखता येतं. १८१९ मध्ये इटलीत पडुआजवळ मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या पोलेंटावर रक्तासारखे डाग दिसले आणि गावात घबराट पसरली, तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओने शोधून काढलेला जंतू तो हाच.

त्या काळी सेराशिया माणसाला त्रास देत नाही असं बहुतेक तज्ज्ञ मानत होते. शाळा-कॉलेजांच्या प्रात्यक्षिकांतही तो वापरला जाई. म्हणजे चाचणी आखणाऱ्यांनी जाणूनबुजून मारक जंतू शहरावर सोडला, असं मी म्हणणार नाही. पण 'निरुपद्रवी' हा शब्द त्यांनी धडधाकट शरीर डोळ्यांपुढे ठेवून वापरला होता, आणि ८ लाखांच्या शहरात सगळेच धडधाकट नसतात. कुणाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते, कुणाला लघवीची नळी लावलेली असते, कुणाच्या हृदयाची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली असते. कुणी नऊ महिने भरायच्या आत जन्मलेलं असतं. सेराशिया नेमका अशांनाच गाठतो. आमच्याकडे तो कुठे सापडतो सांगते. कॅथेटर लावलेल्या पेशंटच्या लघवीत, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या थुंकीत आणि नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांच्या रक्ततपासणीच्या बाटलीत. ओल त्याला आवडते. पातळ करून ठेवलेल्या जंतुनाशकातसुद्धा तो जगतो.

एकदा एका रुग्णालयात नवजात विभागातल्या काही बाळांच्या रक्तात पाठोपाठ सेराशिया आला. पहिल्या बाळाला कुणी विशेष महत्त्व दिलं नव्हतं. पण आमच्या तंत्रज्ञ बाईंची शिस्त अशी होती की रक्तातून आलेला प्रत्येक जंतू अॅगारच्या (जंतू वाढवायच्या घट्ट खाद्याच्या) तिरक्या नळीत लावून, तारीख घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. त्यामुळे दुसरं-तिसरं बाळ आजारी पडलं तेव्हा आधीचा जंतू हाताशी होता. कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो, कोणत्याला नाही, ते शेजारीशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा सगळे एकाच घराण्यातले निघाले. मग विभागातल्या नळाचं, साबणाचं, बाटल्यांचं कल्चर केलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहिले, आणि पातळ केलेल्या जंतुनाशकाच्या एका बाटलीत तोच जंतू सापडला. पहिली नळी राखलेली नसती तर आम्ही फार तर अंदाज बांधत बसलो असतो. पुढचा भाग वाचताना ही नळी लक्षात ठेवा.

आता माणसं दगावल्याच्या दाव्यामागे जे अकरा पेशंट आहेत, त्यांच्याकडे येऊ. फवारणीनंतर दोनेक आठवड्यांत, ऑक्टोबर १९५० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात सेराशियाच्या संसर्गाचे पेशंट दिसू लागले. एकूण अकरा. एडवर्ड नेव्हिन हे ७५ वर्षांचे गृहस्थ प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेतून बरे होत होते. जंतू रक्तात शिरला, हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेला आणि १ नोव्हेंबरला ते वारले. बाकीचे दहा बरे झाले. त्या रुग्णालयात असा प्रकार आधी पाहण्यात नव्हता, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात या अकरा जणांवर लेख लिहिला. लेख लिहिताना त्यांना हे ठाऊकच नव्हतं की काही आठवड्यांपूर्वी हाच जंतू जहाजातून शहरावर सोडला होता. चाचणी करणाऱ्यांना मात्र पुढे त्या पेशंटांची माहिती मिळाली. त्यांनी एक समिती नेमून हा योगायोग असावा असा निर्वाळा घेतला, आणि गप्प राहिले. नेव्हिन यांच्या कुटुंबाला खरं काय ते पाव शतकानंतर वर्तमानपत्रातून कळलं.

इथे बरेच लेखक सरळ लिहून मोकळे होतात की लष्कराने नेव्हिनना मारलं. मला ते करता येत नाही. दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. कारणाच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी म्हणजे वेळ जुळते, जंतू जुळतो आणि त्या रुग्णालयात तो नवखा होता. विरुद्ध बाजूच्या गोष्टी म्हणजे सगळे पेशंट एकाच रुग्णालयातले होते, शहरातल्या इतर रुग्णालयांतून अशी नोंद नाही, आणि या सर्वांवर नळी किंवा तत्सम वैद्यकीय उपचार झालेले होते. हवेतून आलेला जंतू सगळ्या शहरात पसरलेला असताना फक्त एकाच इमारतीत आजार यावा, हे मला खटकतं. रुग्णालयात आतल्या आत पसरलेली साथ बरोबर अशीच दिसते. पण त्या इमारतीत तो जंतू पहिल्यांदा आला कुठून? खिडकीतून? तिथे येऊन विचार अडतो. इतर रुग्णालयांत खरंच पेशंट नव्हते, की तिथल्या प्रयोगशाळांनी तो जंतू 'दूषित नमुना' म्हणून फेकून दिला? लाल रंगाचंच उदाहरण घ्या. सेराशिया तो रंग खोलीच्या तापमानाला करतो. पेशंटचे नमुने आम्ही ३७ अंशांवर ठेवतो, तिथे तो बहुधा फिकटच राहतो. ज्याला काय शोधायचंय हे सांगितलेलं नाही, त्याला ते दिसेलच असं नाही.

नेव्हिन यांचा नातू वकील होता. कुटुंबाने सरकारवर दावा केला आणि १९८१ मध्ये तो चालला. पेशंटच्या शरीरातला जंतू आणि जहाजातून सोडलेला जंतू एकाच वाणाचे, म्हणजे एकाच उपप्रकाराचे, होते का, हा कळीचा प्रश्न होता, आणि पुराव्याने तो सुटला नाही. दुसरा अडथळा कायद्याचा. अशा धोरणात्मक निर्णयांसाठी सरकारला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण आहे, असं न्यायालयाने धरलं. दावा फेटाळला गेला, १९८३ मध्ये अपिलातही तेच झालं. 'न्यायालयाने सरकारला निर्दोष ठरवलं' असं कुणी लिहिलं तर ते अर्धवट समजा. पुरावा नव्हता हे खरं, पण तो का नव्हता हे न्यायालयाच्या निकालात शोधून सापडणार नाही. शहरातल्या प्रयोगशाळांना एक ओळीचं पत्र गेलं असतं, की पुढचे दोन महिने सेराशिया आला तर वाण राखून ठेवा, तर आज तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

याच्या अगदी उलट उदाहरण रशियातलं आहे. ते चाचणीचं नाही, अपघाताचं आहे, पण पुरावा कसा उभा राहतो हे समजायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्गमध्ये, माणसं तापाने आणि धाप लागून पटापट मरू लागली. किमान ६६ जण गेले. सोव्हिएत सरकारने सांगितलं की अँथ्रॅक्स झालेल्या जनावरांचं मांस खाल्ल्यामुळे हे झालं. केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर खात्याने, रुग्णालयातली कागदपत्रं उचलून नेली. पण शवविच्छेदन करणाऱ्या फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या डॉक्टरांनी आपली टिपणं आणि मृतांच्या अवयवांचे नमुने जपून ठेवले. त्या काळात, त्या देशात हे करायला काय छाती लागली असेल, त्याची मला नीट कल्पनाही करता येत नाही.

त्या नमुन्यांत काय दिसलं? मांसातून अँथ्रॅक्स झाला तर मुख्य घाव आतड्यांत दिसतो. इथे छातीच्या मधोमध, दोन फुप्फुसांमधल्या लसिकाग्रंथी रक्ताने भरलेल्या होत्या. म्हणजे जंतू श्वासातून गेला होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये मॅथ्यू मेसेलसन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन संशोधकांचा चमू तिथे गेला. घरोघर विचारून त्यांनी मृत आणि आजारी माणसं त्या दिवशी दिवसा नेमकी कुठे होती हे नकाशावर मांडलं. बहुतेक ठिपके एका लष्करी संस्थेपासून सुरू होऊन शहराच्या दक्षिण टोकापर्यंत गेलेल्या, सुमारे चार किलोमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यात पडले. त्याच रेषेत पुढे पन्नास किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या आणि गाई मेल्या होत्या. हवामानाच्या नोंदीत २ एप्रिलचा वारा याच दिशेचा होता. त्याच वर्षी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनीही साथीमागे लष्कर असल्याचं मान्य केलं. ते १९७९ मध्ये त्याच प्रदेशाचे पक्षप्रमुख होते. बलाढ्य सरकारने पसरवलेलं खोटं शेवटी उघडं पडलं, ते मेणात बसवलेल्या अवयवांच्या तुकड्यांमुळे आणि वाऱ्याच्या नोंदीमुळे.

बाकीच्या चाचण्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांची सरमिसळ फार होते. जून १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बॅसिलसने भरलेले विजेचे बल्ब टाकून फोडले. गाड्यांच्या येण्याजाण्याने हवा ढकलली जाऊन ते जंतू बोगद्यांतून दूरदूर गेले. लंडनच्या भुयारी रेल्वेत जुलै १९६३ मध्ये नॉर्दर्न लाइनवर कॉलियर्स वुड आणि टूटिंग ब्रॉडवे या स्थानकांदरम्यान बीजाणूंची डबी खाली टाकली, आणि ते पार कॅमडन टाउनपर्यंत सापडले. ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या बाजूला, १९६० आणि ७० च्या दशकांत 'आइसव्हेल' नावाच्या जहाजातून ई. कोलायचा एक वाण आणि बॅसिलस ग्लोबिगी सोडले गेले. पुढे त्यांचं स्वतंत्र परीक्षण झालं. बहुतेकांना धोका नव्हता, पण आधीच गंभीर आजार असलेल्या थोड्या लोकांबाबत तसं छातीठोक म्हणता येत नाही, असा त्याचा सूर होता. तो मला प्रामाणिक वाटतो.

सेंट लुइसचा प्रकार वेगळा. तिथे १९५० च्या दशकात आणि पुन्हा १९६० च्या दशकात जंतू नव्हे, तर झिंक कॅडमियम सल्फाइड फवारलं, इमारतींच्या गच्चीवरून आणि गाड्यांतून, मुख्यतः गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत. शत्रूच्या विमानांपासून शहर लपवणाऱ्या धुराच्या पडद्याची ही चाचणी आहे, अशी बतावणी केली गेली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने मांडलं की अंदाजित मात्रेने इजा होण्याची शक्यता नाही, पण हे संयुग श्वासातून गेल्यावर काय करतं याची माहितीच तुटपुंजी आहे. वस्ती निवडताना ज्यांचा आवाज पोहोचणार नाही अशा लोकांना निवडलं, हे मला त्या रसायनाइतकंच गंभीर वाटतं. आणि दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये जपानच्या युनिट ७३१ ने केलं ते या कुठल्याच रांगेत बसत नाही. तिथे खरे रोगजंतू, खऱ्या साथी आणि उघड हत्या होत्या. नुसतं 'जैविक प्रयोग' म्हणून हे सगळं एकत्र ढवळलं की एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटतो.

संमतीचा नियम तेव्हा नव्हता, असंही काही जण बचावात म्हणतात. ते खरं नाही. न्युरेंबर्ग संहिता, म्हणजे नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेली माणसांवरच्या प्रयोगांची नियमावली, १९४७ ची आहे, आणि माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही तिची पहिलीच अट आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी तीच तत्त्वं आपल्या खात्यासाठी स्वीकारली. पण तो आदेश 'अतिगोपनीय' शिक्क्याखाली ठेवला गेला.

आता आपल्याकडचं. तुम्ही विचारलंय की भारतात असं झालं होतं का. लोकांवर गुप्तपणे जंतू फवारल्याचा पुराव्यानिशी दाखवता येईल असा भारतातला प्रसंग मला माहीत नाही. पण संशयाला खरी जागा होती असे दोन प्रसंग आहेत, आणि त्यातल्या एकाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मग माणसं आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), त्यातला नवा विषाणू शोधला. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यात सत्तरीत गेल्या दशकात ज्याने माणसं दगावली तो माकडताप हाच. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला निघाला. मग शंका आली की थंडीत उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींतून तो आणत असतील. म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा मागोवा घेतला. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, नंतर पैसा आला तो अमेरिकन लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या एका सर्वेक्षणातून. दुसरा प्रसंग दिल्लीचा. १९६९ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र तिथे अमेरिकेच्या पैशावर चालत होतं. नर डास वांझ करून सोडायचे आणि डासांची पैदास घटवायची, हा उद्देश. सोनीपतमध्ये एडिस डास सोडायची तयारी चालू असताना वर्तमानपत्रांतून आरोप झाला की पीतज्वर पसरवण्याची ही चाचपणी आहे. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने दोन्ही प्रकल्पांवर कडक ताशेरे ओढले आणि दिल्लीचं केंद्र बंद झालं.

जैविक अस्त्राचा पुरावा दोन्हींत सापडला नाही. तरीही समितीने विचारलेले प्रश्न मला रास्त वाटतात. परदेशी लष्कराचा पैसा येतो, गोळा झालेली माहिती कुणाच्या हातात जाते, आपल्या कोणत्या खात्याने ती तपासली? ही उत्तरं आधीच उघड मांडली असती तर डासांचं काम कदाचित वाचलं असतं. डेंगी पसरवणारा तोच एडिस आज आपल्या प्रत्येक शहरात आहे.

मेसेज पारखायचं म्हणाल, तर मी आधी आजारी माणसांची यादी मागते. कोण, किती वयाचं, कोणत्या गल्लीतलं, ताप कोणत्या तारखेला आला. खऱ्या साथीला आकार असतो. पाण्याची साथ जलवाहिनीच्या मागे जाते, गोचिडीची जंगलात लाकूडफाटा आणि काजूच्या कामाला जाणाऱ्यांत दिसते, हवेतून आलेली वाऱ्याच्या दिशेने एका पट्ट्यात पडते आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने पेशंट येतात. ज्या मेसेजमध्ये आजारी माणूसच नाही, फक्त आभाळाचा फोटो आहे, त्याच्याकडे मी वेळ घालवत नाही. विमानामागची पांढरी रेघ गोठलेल्या वाफेची असते. दहा किलोमीटरवरून सोडलेला एक-दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) कण खालच्या गावावर पडत नाही, दिवसेंदिवस तरंगत भलतीकडे जातो. ज्यांनी खरोखर शहरांवर फवारलं ते म्हणूनच जहाज, गच्ची, मोटार आणि भुयारी रेल्वे शोधत गेले.

मग मी नेहमीचा आकडा विचारते. दरवर्षी या महिन्यात या तालुक्यात तापाचे किती पेशंट असतात? तो माहीत नसेल तर 'अचानक वाढले' याला काही अर्थ नाही. त्यानंतर नमुना कुणाकडे आहे, कुठे तपासला, राखून ठेवलाय का. आणि शेवटी कागद. कुणाच्या सहीचा, कोणत्या तारखेचा. 'एका निवृत्त अधिकाऱ्याने सांगितलं' हा कागद नव्हे. यातलं किती हाती लागेल ते परिस्थितीवर अवलंबून असतं. मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात वाण उणे सत्तर अंशांवर वर्षानुवर्षं राहतो, तालुक्याच्या ठिकाणी प्लेट दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, जाते. माहितीच्या अधिकाराचा उपयोग होतो, पण मर्यादा माहीत असू द्या. कलम ८ (१) (अ) खाली देशाच्या सुरक्षिततेच्या नावाने माहिती नाकारता येते, आणि वीस वर्षांनंतर इतर बऱ्याच सवलती गळून पडल्या तरी ही पडत नाही. आरोग्य खात्याकडचे साथीचे आकडे आणि तपासणीचे निकाल मात्र त्याखाली सहसा येत नाहीत, ते मागा.

तुमच्या गावात खरंच विचित्र काही दिसलं, म्हणजे एकाच आठवड्यात एकाच भागात न ओळखता येणारा ताप, किंवा माणसांबरोबर गुरंही मरताहेत, तर मेसेज पुढे ढकलण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पशुवैद्यकांना, दोघांनाही सांगा. साथरोग सर्वेक्षणाची जिल्हा पातळीवर यंत्रणा आहे, त्यांना नोंद घेणं भाग आहे. खाजगी लॅबमध्ये कुणाचं रक्त किंवा लघवी कल्चरला गेली असेल तर त्याच दिवशी जाऊन लेखी विनंती द्या की वाण टाकू नका, जिल्हा रुग्णालयाकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठवा. चांगला तंत्रज्ञ याला नाही म्हणत नाही. आणि आजारी माणसांची तारीखवार यादी वहीत लिहायला तुम्ही स्वतः सुरुवात करा. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.